जाहिरातीत "पगार योग्यतेनुसार" लिहिलं की संपलं

वरती एका भाऊनी लिहिलंय की बोर्ड लावून पण चांगले पोरं येत नाहीत, येतात ते चार दिवसात पळतात. भाऊ, बोर्डवर लिहिता काय ते पण बघा ना! "हेल्पर पाहिजेत, पगार योग्यतेनुसार, समक्ष भेटा." जळगाव एमआयडीसीत फिरा, चटईवाले असो का पाइपवाले, सगळीकडे हेच.

पाचोऱ्याहून नाहीतर भुसावळहून येणाऱ्या पोराला आधी तासाचा रेट पाहिजे, मग शिफ्ट किती वाजता सुटते आणि तेव्हा घरी जायला गाडी असते का. रेट पण हातात किती पडेल तो सांगा, कारण पीएफचे १२ टक्के आणि ईएसआयचे (कामगार विम्याचे) ०.७५ टक्के कापले की पहिल्याच पगाराला भांडण होतं, आणि मग म्हणतात पोरं टिकत नाहीत. ओव्हरटाइमला कायद्यानं डबल रेट आहे, देत असाल तर मोठ्या अक्षरात लिहा, देत नसाल तर मग काय बोलायचं.

दालमिलमध्ये धूळ आहे, ५० किलोचं पोतं उचलायचंय, कापसाच्या जिनिंगचं काम सीझनपुरतंच आहे, हे लपवून काय उपयोग, पहिल्याच दिवशी दिसतंच. आणि पॅकिंगला "२ वर्षे अनुभव" कशाला मागता राव? त्यानंच कितीतरी कामाच्या बाया अर्ज करत नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरातीच्या फोटोसोबत तेच बोलून पण टाका, अहिराणीत टाकलं तर अजून भारी.