मदत हवी आहे: दारू आणि नैराश्य, दोन्हींवर एकत्र उपचार पुण्यात कुठे होतात?

नमस्कार मंडळी, मोठ्या भावासाठी विचारतेय. आम्ही कोथरूडला राहतो. दादाची दारू जुनीच, पण आता प्रकरण तेवढ्यावर राहिलेलं नाही. पहाटेच उठून बसतो, छातीत धडधडतं म्हणतो. हात इतके थरथरतात की शर्टाची बटणं वहिनी लावून देते. मध्येच "मी गेलेलाच बरा" असं बोलतो, तेव्हा पोटात गोळा येतो. असं बोलला त्या एका रात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला (१४४१६) फोन केला, ते मराठीत नीट बोलले.

एका ठिकाणी सांगितलं, आधी दारू सोडवा, मग मनाचं बघू. दुसरीकडे उलट, मानसिक त्रास असेल तर भरती करणार नाही. मग अशा माणसानं जायचं कुठे? दारूमुळे आलेलं नैराश्य ती सुटल्यावर बहुतेकदा तीन-चार आठवड्यांत ओसरतं, नाही ओसरलं तर मूळ आजार वेगळा असू शकतो. म्हणजे दोन्हींकडे एकाच वेळी लक्ष हवं ना! आणि एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, त्यामुळे घरच्या घरी सोडवायची आमची हिंमत नाही.

मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करतंय, ससूनमध्येही मनोविकार विभाग आहे. असा दुहेरी त्रास असलेल्या पेशंटला कुणी तिथे किंवा दुसरीकडे नेलंय का? सोबत घरचं कुणी राहावं लागतं का? खर्च साधारण किती? वहिनीसाठी अल-अ‍ॅनॉनची (दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांचा आधारगट) मराठी मीटिंग जवळपास असेल तर तेही सांगा, ती फार खचलीय.

दादा सध्या स्वतःहून यायला तयार आहे, म्हणून जरा लवकर कळवा.