आठवड्याचे वजनाचे इंजेक्शन, एकादशीचा उपवास आणि अकोल्याचा उन्हाळा

शेवंती (अकोला):
नमस्कार. माझे वय 38, उंची 156 सेंटीमीटर आणि वजन 91 किलो आहे. मधुमेहासाठी मी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड घेते. आता डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायचे टिरझेपॅटाइडचे 2.5 मिलिग्रॅमचे इंजेक्शन लिहून दिले आहे. माझ्या जाऊबाईंकडे याच औषधाच्या 5 मिलिग्रॅमच्या दोन वायल (छोट्या बाटल्या) शिल्लक असून ‘त्यातलेच निम्मे घे, पैसे वाचतील’ असे त्यांचे म्हणणे आहे. हे चालेल का? मी दोन्ही एकादश्या करते आणि मे महिन्यात आमच्याकडे दुपारभर वीज नसते, म्हणून त्याबाबतही विचारते आहे.

औषधशाळा (नागपूर):
मी औषधविक्रेता आहे. ताई, वायल वाटून घेऊ नका. ती एकाच वापरासाठी असते, त्यामुळे एकदा सुई टोचल्यावर उरलेले औषध पुढच्या आठवड्यासाठी निर्जंतुक राहील याची खात्री देता येत नाही. दुसरी अडचण मोजण्याची आहे. एका वायलमधला डोस 0.5 मिलिलिटर असतो. आपल्याकडे इन्सुलिनच्या सिरिंज मात्र दोन प्रकारच्या मिळतात: लाल टोपणाची 40 युनिटची आणि केशरी टोपणाची 100 युनिटची. तेच 0.5 मिलिलिटर पहिलीवर 20 च्या खुणेपाशी येते आणि दुसरीवर 50 च्या, म्हणून कोणी ‘इतके युनिट घे’ असे सांगितले, तर आधी मिलिलिटर विचारा आणि सिरिंज दुकानात दाखवून घ्या.

उपवासाची काळजी मला अधिक वाटते. टिरझेपॅटाइड एकटे सहसा साखर फार खाली नेत नाही, पण ग्लिमेपिराइड सोबत असेल आणि दिवसभर पोटात अन्न नसेल, तर दरदरून घाम सुटणे, हात थरथरणे, भोवळ येणे हे प्रकार घडू शकतात. ग्लिमेपिराइड कमी करायचे का आणि एकादशीला ते घ्यायचे का, हे पहिल्या इंजेक्शनच्या आधीच डॉक्टरांना विचारा. स्वतःहून बदल करू नका. या औषधाने जठर हळू रिकामे होत असल्यामुळे तुपातली साबुदाण्याची खिचडी सुरुवातीच्या आठवड्यांत मळमळ वाढवू शकते.

साठवण 2 ते 8 अंशांत करावी. फ्रिजबाहेर ते 30 अंशांपर्यंत जास्तीत जास्त 21 दिवस चालते, परंतु अकोल्याची मे महिन्यातली खोली त्यात बसणार नाही. वीज गेल्यावर थंड पिशवीत ठेवा. बर्फाला थेट चिकटू देऊ नका, कारण एकदा गोठलेले औषध टाकूनच द्यावे लागते.

पाऊलवाट (पुणे):
मी सेमाग्लुटाइड हे याच प्रकारचे आठवड्याचे इंजेक्शन घेते. एका वजन कमी करण्याच्या केंद्रात मला दुसऱ्याच आठवड्यात डोस वाढवून दिला आणि दोन दिवसांच्या उलट्यांनंतर सलाइन लावावे लागले. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी 0.25 मिलिग्रॅमपासून, दर पायरीला चार आठवडे देत, पुन्हा सुरुवात केली आणि ते सोसले. पोटाच्या वरच्या भागात न थांबणारी कळ येऊन ती पाठीत जात असेल, तर स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते. पुढचा डोस न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

भूलतज्ज्ञ:
पुढे कोणतीही शस्त्रक्रिया ठरली, तर हे इंजेक्शन सुरू असल्याचे भूल देणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण नेहमीइतके उपाशी राहूनही पोटात अन्न उरलेले असू शकते. गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल, तर टिरझेपॅटाइड सुरू केल्यावर आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे दुसरे साधनही वापरावे लागते. आणि घरात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग झाला आहे का? असल्यास हे औषध घेता येत नाही.

शेवंती (अकोला):
सर्वांची मनापासून आभारी आहे. जाऊबाईंना नाही म्हणून सांगितले. शेवटच्या प्रश्नाने मात्र मी थांबले आहे. माझ्या मावशीची थायरॉइडच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली होती, पण तो कोणत्या प्रकारचा होता हे घरात कोणालाच ठाऊक नाही. मावसभाऊ रविवारी जुन्या फायलीतला तपासणीचा अहवाल शोधणार आहे. तो डॉक्टरांनी पाहीपर्यंत पहिले इंजेक्शन घेणार नाही.