बायबलचे भाषांतर: कॅरीच्या वेळची रीत आणि आजची रीत, नेमके काय बदलले?

सीनाकाठ

नमस्कार. इव्हँजेलिकल मिशनांच्या बदलत्या कार्यपद्धतींवर एक टिपण तयार करायचे आहे. मिशनच्या शाळा आणि दवाखाने यांबद्दल मराठीत पुष्कळ वाचायला मिळते. पण बायबलचे भाषांतर हे त्यांचे सर्वांत चिवट, आजही न थांबलेले काम प्रत्यक्षात कसे चालते, हे कुठे नीट लिहिलेले सापडत नाही. माझे प्रश्न असे:

सेरामपूरला (नगर जिल्ह्यातले श्रीरामपूर नव्हे, बंगालमधले) भाषांतर नक्की कोण करत होते? आज लिपीही नसलेल्या भाषेत काम करायचे तर सुरुवात कुठून होते आणि इतकी वर्षे का लागतात? आणि जिथे लोक वाचतच नाहीत, तिथे काय करतात?

खिळाछाप

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो.

इंग्लंडमधले बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम कॅरी १७९३ मध्ये बंगालमध्ये आले. कंपनी सरकार मिशनऱ्यांना आपल्या मुलखात राहू देत नसे.  म्हणून १८०० मध्ये ते हुगळीच्या पश्चिम काठावर, डेन्मार्कच्या ताब्यातल्या सेरामपूरला गेले. (ती अडवणूक पुढे १८१३ च्या सनदेने सुटली.) कंपनीच्या मुलखात मोकळेपणी फिरता येत नाही, पण छापखाना मात्र हाताशी आहे, अशी ती परिस्थिती. कामाचा एवढा भर कागदावर का गेला, त्याचे एक कारण यात आहे.

कॅरी कंपनीच्या कलकत्त्यातल्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवत. भाषांतराला एकेका भाषेचा एकेक पंडित बसवलेला असे. पंडित बहुधा आधी तयार झालेल्या बंगाली किंवा संस्कृत पाठावरून आपल्या भाषेत उतरवत आणि कॅरी तो मजकूर तपासून दुरुस्त करत. मराठीसाठी वैजनाथ पंडित होते. मराठी व्याकरण आणि मत्तयाचे शुभवर्तमान (येशूचे एक चरित्र) १८०५ चे, शब्दकोश १८१० चा, नवा करार (बायबलचा येशूपासून पुढचा भाग) १८११ चा. शब्दकोशातले मराठी शब्द मोडीत छापले आहेत, कारण रोजच्या व्यवहाराची लिपी तीच होती.

छपाईची बाजूही समजून घ्या. पंचानन कर्मकारांनी ठसे, म्हणजे ज्यांवरून छपाईचे खिळे (धातूची सुटी अक्षरे) ओततात ते पोलादी साचे, कोरण्याची विद्या तिथे रुजवली. जोडाक्षरांमुळे देवनागरीच्या एका संचाला शेकड्यांनी वेगवेगळे खिळे लागत. मार्च १८१२ च्या आगीत कागद, हस्तलिखिते आणि खिळे गेले, पण पोलादी ठसे वाचले. म्हणून वितळलेल्या धातूतून खिळे पुन्हा ओतता आले आणि छपाई काही महिन्यांत परत उभी राहिली. हस्तलिखितांना असे ठसे नव्हते. ती पहिल्यापासून लिहावी लागली.

चुकले कुठे? संस्कृताचा साचा पुढे ठेवल्यामुळे वाक्याची ठेवण आणि शब्द दोन्ही जड झाले. त्याहून मोठी चूक म्हणजे मजकूर बरा की वाईट हे पंडित आणि कॅरी यांनीच ठरवले. कुणब्याला किंवा घरातल्या बाईला वाचून दाखवून काय कळले ते विचारण्याची पायरीच नव्हती. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनला मराठीचे काम पुन्हा हाती घ्यावे लागले. त्यांचा नवा करार १८२६ चा.

एका शब्दावरून संस्था फुटल्याचेही उदाहरण आहे. बॅप्टिस्ट भाषांतरकारांनी बंगालीत 'बाप्तिस्मा' (ख्रिस्ती दीक्षेचा पाण्याचा विधी) हा मूळ ग्रीक शब्द तसाच न ठेवता 'पाण्यात बुडवणे' या अर्थाचा शब्द वापरला. डोक्यावर पाणी शिंपडणाऱ्या पंथांना तो मान्य होईना, म्हणून भाषांतरांना पैसा पुरवणाऱ्या बायबल सोसायटीने पैसा नाकारला आणि बॅप्टिस्टांनी १८४० मध्ये इंग्लंडमध्ये वेगळी संस्था काढली. मराठीत 'बाप्तिस्मा' तसाच राहिला, त्यामागे हाच पेच आहे: मूळ शब्द ठेवला की अर्थ कळत नाही आणि अर्थ सांगितला की एक पंथ दुखावतो.

आम्ही_आपण

खिळाछाप यांनी वैजनाथ पंडितांचे नाव घेतले हे फार बरे केले. ही नावे मुखपृष्ठावर कधीच येत नाहीत.

पुढचा टप्पा विसाव्या शतकातला. अमेरिकन मिशनरी कॅमेरॉन टाउनसेंड १९१७ मध्ये ग्वाटेमालात स्पॅनिश बायबले विकायला गेले. तिथल्या काक्चिकेल लोकांची भाषा स्पॅनिश नव्हती, म्हणून ते ती भाषा शिकले; काक्चिकेल नवा करार १९३१ मध्ये छापून आला. १९३४ मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सात त्यांनी उन्हाळी वर्ग सुरू केला: ध्वनी कसे टिपायचे, लिपी कशी बसवायची, व्याकरण कसे काढायचे. त्यातूनच पुढे विक्लिफ आणि एसआयएल या भाषांतराच्या आणि भाषाअभ्यासाच्या संस्था झाल्या. तेव्हाची रीत अशी की परदेशी जोडपे गावात राहणार, भाषा शिकणार आणि पंधरा-वीस वर्षांत नवा करार पुरा करणार. भाषांतरकार मिशनरी आणि गावचा माणूस मदतनीस.

आज ही मांडणी उलटली आहे. लिहितात ते त्या भाषेत वाढलेले तीन-चार जण. बाहेरचा माणूस असलाच तर सल्लागार. आपल्याकडे हे फार आधी घडले होते, हे टिपणात जरूर घ्या. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, बायबल मुळावरून मराठीत आणले आणि केडगावला मुक्ती मिशनच्याच छापखान्यात छापले. १९२२ मध्ये त्या गेल्या. पूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आले. भाषांतर त्या भाषेच्या माणसाने करायचे, हा विचार पुढे धोरण म्हणून रूढ व्हायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

आता कामाचा क्रम. पहिली पायरी सर्वेक्षणाची, आणि घाई इथेच नडते. शेजारच्या बोलींत एकच भाषांतर चालेल का, हे अंदाजाने ठरवत नाहीत. दक्षिण आशियात साधारण २१० शब्दांची यादी गावोगाव ध्वनिमुद्रित करून तुलना करतात. मग एका गावची दोन-तीन मिनिटांची हकिगत दुसऱ्या गावाला ऐकवून त्यावर दहाएक प्रश्न विचारतात. शब्द जुळतात पण हकिगत कळत नाही, असेही निघते. ही पायरी गाळली तर छापलेले पुस्तक पुढच्या तालुक्यात 'आमचे नाही' म्हणून परत येते.

मग लिपी आणि मुख्य शब्दांची यादी: देव, आत्मा, पाप, कृपा, अर्पण, संदेष्टा. आधीच्या धर्मातला शब्द घेतला तर जुना अर्थ सोबत येतो. परका घेतला तर पोकळ राहतो. पुढे शब्द बदलला तर शेकडो ठिकाणी दुरुस्ती, म्हणून पॅराटेक्स्ट या संगणक प्रणालीत प्रत्येक मुख्य शब्द कुठे कसा आला याची नोंद राहते.

मसुद्याला बहुधा मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करतात, कारण ते छोटे आणि गोष्टीरूप आहे: सुमारे ६८० वचने. दिवसाला १०-१५ वचने झाली तरी नुसत्या कच्च्या मसुद्याला दोनेक महिने लागतात. अख्खा नवा करार म्हणजे जवळपास ८ हजार वचने. हिशेब करून पाहा, मग वर्षे का लागतात ते कळेल. आणि मसुदा हे निम्मेसुद्धा काम नाही.

खरी अडचण मोठ्या तत्त्वांत नसते, लहान शब्दांत असते. मार्कच्या चौथ्या अध्यायात वादळात शिष्य येशूला उठवून म्हणतात की बुडायची वेळ आली. ग्रीकमध्ये 'आम्ही' आणि 'आपण' असा भेद नाही. मराठीत 'आम्ही बुडतोय' म्हटले तर येशू त्या बुडण्याबाहेर राहतो. 'आपण' म्हटले तर तोही नावेत आहे. त्यात आदरार्थी 'आपण' पुन्हा त्याच वाक्यात आले की ऐकणारा गोंधळतो. हा भेद असलेल्या प्रत्येक भाषेत अशा शेकडो जागा ठरवाव्या लागतात. काही भाषांत नुसता 'भाऊ' असा शब्दच नसतो, थोरला की धाकटा ते सांगावेच लागते. येशूचे शिष्य असलेले भाऊ शिमोन आणि अंद्रिया यांत थोरला कोण हे मूळ पाठात नाही. सहसा ज्याचे नाव आधी तो थोरला धरतात. टांझानियातल्या झनाकी लोकांत दारावर टकटक करतो तो चोर. भला माणूस बाहेरून हाक मारतो. तिथे येशूला दार ठोठावायला लावले तर अर्थ उलटा होतो.

सीनाकाठ

फार उपयोगी. एक शंका आहे. सल्लागाराला ती भाषा येत नसेल, तर तो तपासतो काय?

आम्ही_आपण

तो उलट भाषांतर तपासतो. मसुद्याच्या कामात नसलेला माणूस तो मजकूर हिंदीत, मराठीत किंवा इंग्रजीत शब्दशः परत आणतो. त्यावरून सल्लागार तीन गोष्टी पाहतो: काही गळले का, काही जास्तीचे आले का, अर्थ फिरला का. उलट भाषांतर करणारा बायबल चांगले जाणणारा नसावा. जाणत असला तर तो समोरच्या कागदावर नसलेले आठवणीतून भरतो आणि चूक झाकली जाते.

त्याआधी गावतपासणी. ऐकणाऱ्यांत बाया, म्हातारे आणि तरुण असे सगळे हवेत. 'समजले का?' असे कधी विचारायचे नाही. पाहुण्याला कोणी नाही म्हणत नाही. 'कोण कोणाला काय म्हणाले? का रागावला?' असे विचारायचे आणि गोष्ट परत सांगायला लावायची. सांगताना लोक बदलून जो शब्द वापरतात, तोच बहुधा बरोबर शब्द असतो.

तरीही वाद होतात. मुस्लिम वाचकांसाठीच्या काही भाषांतरांत 'देवाचा पुत्र' आणि 'पिता' यांना पर्यायी शब्द वापरल्यावरून २०१२ मध्ये मोठे वादळ उठले. वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स या इव्हँजेलिकल मंडळ्यांच्या जागतिक संघाने नेमलेल्या मंडळाने २०१३ मध्ये सांगितले की 'पिता' आणि 'पुत्र' यांसाठी भाषेतले नेहमीचे शब्दच ठेवा, गैरसमज टाळायला हवे तर विशेषण जोडा किंवा टीप द्या. गावाला काय कळते याला कितीही मान दिला, तरी ख्रिस्ती मंडळ्यांच्या श्रद्धेला धक्का लागला की निर्णय पुन्हा वर जातो. टिपणात हे सरळ लिहा, झाकू नका.

कानोसा

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. आवाजाचा मार्ग नवा नाही. जॉय रिडरहॉफ यांनी १९३९ मध्ये लॉस एंजेलिसला गॉस्पेल रेकॉर्डिंग्जचे, म्हणजे बायबलचा संदेश ध्वनिमुद्रित करण्याचे काम सुरू केले. वीज नसलेल्या गावांसाठी त्यांच्या संस्थेने घडीच्या पुठ्ठ्याचा, हाताने फिरवायचा रेकॉर्ड प्लेयर काढला. १९७९ मध्ये लूकच्या शुभवर्तमानावर आधारलेला येशूचा चित्रपट आला. तो २ हजारांहून जास्त भाषांत उतरला आहे. मात्र त्याची संहिता छापील भाषांतराला जशीच्या तशी वापरू नये. ओठांच्या हालचालीशी वाक्य जुळवायला शब्द कापलेले किंवा वाढवलेले असतात.

आता भाषांतरच तोंडी करतात. आठ-दहा वचनांचा एक प्रसंग घेतात. गट तो परिचयाच्या भाषेत बरेचदा ऐकतो, त्यावर बोलतो, साभिनय करून पाहतो, मग कागदाशिवाय सांगतो आणि ते ध्वनिमुद्रित होते. गावतपासणी, उलट भाषांतर, सल्लागार या पायऱ्या त्याच, पण सगळ्या आवाजात. भाषा जिवंत उतरते, त्यातली लय टिकते. वंशावळ आणि नव्या करारातल्या पौलाच्या पत्रांतली लांब वाक्ये मात्र अडतात. ती तुकडे पाडून घ्यावी लागतात आणि 'म्हणून', 'कारण' हे दुवे हमखास गळतात. सल्लागाराने ते खास ऐकावेत. बहिऱ्यांसाठी हेच काम व्हिडिओवर चालते. अमेरिकन सांकेतिक भाषेतले पूर्ण बायबल २०२० मध्ये संपले.

मराठीपुरते एक जोडतो. वाचता न येणाऱ्या श्रोत्याचा विचार ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी केला होता. अभंग, ओवी आणि कीर्तन लोकांच्या कानात आधीच होते. त्यांनी तोच साचा घेतला. १९१७ मध्ये ते मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' उभारायला निघाले. त्यांची पदे मराठी मंडळ्यांत आजही तोंडपाठ आहेत.

तोंडी कामात सर्वांत महाग पडते ती उशिरा सुचलेली दुरुस्ती. छापील मजकुरात शब्द बदलणे सोपे. आवाजात त्याच माणसाचा, त्याच खोलीतला, तसाच स्वर लागतो. म्हणून विशेषनामांचे उच्चार आणि मुख्य शब्द पहिल्याच आठवड्यात गटाने ठरवून वेगळे ध्वनिमुद्रित करून ठेवावेत, आणि प्रत्येक सत्रापूर्वी ते सगळ्यांना पुन्हा ऐकवावेत.