‘प्रॉफेसी’ला भाकीत म्हणावं की भाकणूक?

प्रश्न

भाचा ट्रान्सफॉर्मर्सचा, म्हणजे रूप बदलणाऱ्या यंत्रांच्या कार्टूनचा, भक्त आहे. सायबरट्रॉन ग्रहावरच्या यंत्रांची एक पोथी आहे, ‘कव्हेनंट ऑफ प्रायमस’. प्रायमस हा त्यांचा निर्माता देव. १९९६ ते १९९९ या काळातल्या ‘बीस्ट वॉर्स’ मालिकेच्या अखेरीस या पोथीतलं भविष्य गोष्टीत येतं. त्या धर्तीवर भाच्यासाठी आठ ओळींचं कवन रचतोय आणि मथळ्यावरच अडलोय. ‘भविष्यवाणी’ लिहिलं तर हिंदी मालिकेत वीज कडाडल्यासारखं वाटतं. ‘भाकीत’ म्हटलं की हवामान खातं. ‘आकाशवाणी’ शब्द खरा नेमका होता, पण आता त्यावर बातम्याच लागतात. दुसरा काही शब्द?

प्रतिसाद

‘कौल’ घ्या. छोटा आणि वजनदार.

प्रतिसाद

कौल इथे चालायचा नाही. कोकणात, गोव्यात देवाला कौल लावतात तेव्हा आधी माणसाचा प्रश्न असतो. मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या आणि उजवी पडते की डावी ते बघायचं. म्हणजे उत्तर हो किंवा नाही. यांच्या पोथीला कुणी काही विचारलेलंच नाही. ‘होरा’सुद्धा नको, त्यात गणित येतं.

मी ‘भाकणूक’ सुचवेन. कोल्हापूरकडच्यांना सांगायला नको. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भाकणूक सांगणारे फरांदेबाबा हातात तलवार घेऊन हेडाम खेळतात, म्हणजे तलवारीसह नाचतात, भंडारा इतका उधळतात की माणसं ओळखू येत नाहीत, आणि मग भाकणूक होते. पाऊस, धान्याचे दर, रोगराई, राजकारण, सगळं त्यात असतं. वाक्यं तुटक असतात, क्रियापद कधी गाळलेलं. अर्थ लावायचं काम ऐकणाऱ्याचं, आणि ते घरी पोचेपर्यंत चालू असतं. तुमच्या कवनाला हाच बाज हवा.

बुलढाण्यातल्या भेंडवळच्या घटमांडणीला मात्र कुणी भाकणूक म्हणत नाही. तिथे अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी धान्य मांडतात, सकाळी काय हललं ते पाहतात आणि भाकीत ‘जाहीर’ करतात. भाकणूक तोंडून येते, भाकीत खुणा पाहून काढतात. कोशात हा भेद मिळेलच असं नाही, वापरात मला तो दिसतो.

प्रतिसाद

भाकणूक छानच, पण सायबरट्रॉनवर भंडारा उधळायचा का? शब्दाला मातीचा वास फार आहे.

प्रतिसाद

वास असू दे की. मला तर त्यातल्या ‘भाक’मध्ये जास्त रस आहे. भाक म्हणजे वचन. भाक देतात, भाक घेतात. ‘भाकणे’ आपण दोनच ठिकाणी सर्रास वापरतो: भविष्य भाकणे आणि करुणा भाकणे. म्हणजे पुढचं सांगणंही भाकणं आणि पदर पसरणंही भाकणं. आता ‘कव्हेनंट’ म्हणजे देवाशी झालेला करार. पोथीचं नाव ‘प्रायमसची भाक’ आणि आतल्या कवनाचं नाव ‘भाकणूक’. इंग्रजीत या दोन शब्दांचं एकमेकांशी नातं नाही, आपल्याकडे ते फुकटात मिळतंय. सोडू नका.

आणि कृपा करून कवनात ‘यंत्रमानव’ घालू नका. ज्यांच्या सृष्टीत माणूस जन्मालाच आलेला नाही, ते स्वतःला मानव कशाला म्हणतील? ‘रोबो’ त्याहून वाईट. कारेल चापेकच्या १९२० च्या नाटकातून तो शब्द जगभर गेला. मुळात चेक भाषेतला ‘रोबोटा’, म्हणजे वेठ. आपल्या धर्मग्रंथात स्वतःला वेठबिगार कोण म्हणवून घेईल? त्यांना नुसतं ‘आम्ही’ म्हणू दे.

प्रतिसाद

काळाचंही बघा. इंग्रजी पोथ्यांतल्या ‘शॅल’ला मराठीत सरळ जोड नाही. ‘पाऊस येईल’ म्हणजे बहुधा येईल. ‘पाऊस येणार’ म्हणजे छत्री घ्या. त्या हिशोबाने ‘-णार’ पक्कं, पण ‘एक जण उठणार’ हे निवडणुकीतल्या घोषणेसारखं ऐकू येतं. पोथीत ‘-ईल’च शोभतं, फक्त जुन्या वळणाचं: ‘करेल’ नको, ‘करील’; ‘धरेल’ नको, ‘धरील’. एका मात्रेने शंभर वर्षं मागे जाता येतं. माझी आजी शापसुद्धा ‘-ईल’मध्येच द्यायची, आणि तिच्या बोलण्यात ‘बहुधा’ कधी ऐकू आलं नाही.

मूळ प्रश्नकर्ता

मंडळी, आभार. पहिल्या दोन ओळी अशा झाल्या:

*आम्हांतलाच एक उठेल, ज्याला नाव नसेल,*
*विझल्या ठिणगीची भाक तो ओठांवाचून फेडील.*

भाच्याला वाचून दाखवल्या. त्याचा पहिला प्रश्न: भाक म्हणजे भाकरी का? दुसरा जास्त अवघड होता. पोथीत अशा भाका पुष्कळ आहेत, तर अनेकवचन काय करणार?

प्रतिसाद

भाका. पण जपून, लोक ‘आणाभाका’ वाचतील आणि तुमची यंत्रं तळ्याकाठी हातात हात घालून बसलेली दिसतील. शिवाय भाक ‘पाळतात’. ‘फेडतात’ ते नवस आणि कर्ज. दुसरी ओळ बदला.

मूळ प्रश्नकर्ता

‘पाळील’ केलं. मात्रा तेवढ्याच राहतात, आणि ‘ओठांवाचून’ही सोडवत नाही.