लॅपटॉपचा प्रोसेसर बदलला, पण १.२ गिगाहर्ट्झच्या वर जातच नाहीये

नारायणपेठी
नमस्कार मंडळी, जरा मदत हवी होती. माझा २०१२ सालचा १४ इंची बिझनेस सिरीजवाला लॅपटॉप आहे, त्यात मूळचा आय५-३२१०एम प्रोसेसर होता, सॉकेटमधला, सोल्डर केलेला नाही. बाबांच्या भजनी मंडळाचं हँडीकॅमवरचं बरंच शूटिंग एमपी४ करायचंय आणि हँडब्रेक ह्या व्हिडिओ कन्व्हर्ट करायच्या सॉफ्टवेअरला एकेका फाइलला तासन्‌तास लागतात, म्हणून बुधवार पेठेतून सेकंडहँड आय७-३६३२क्यूएम आणला. मुद्दाम हाच घेतला कारण हा पण ३५ वॅटचाच आहे, ४५ वॅटवाले उष्णता ओढून घेणाऱ्या ह्या एवढ्याशा हीटसिंकला झेपणार नाहीत असं वाटलं. बायोस (विंडोजच्या आधी चालू होणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) आधीच अपडेट केला होता, प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली थर्मल पेस्ट नवीन लावली, पहिल्या फटक्यात चालू झाला. विंडोजमध्ये नाव बरोबर दिसतं, ४ कोर ८ थ्रेड बरोबर. पण स्पीड बघावा तर १.१९ नाहीतर १.२०, बस! पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर आहे, टेंपरेचर ५५ च्या आसपास, तरी ढिम्म हलत नाही आणि हँडब्रेक आधीपेक्षा हळू चाललंय. दुकानदार म्हणतो टेस्ट करून दिलाय, परत घेणार नाही. प्रोसेसर गंडलाय का?

सिंहगडरोड_आशिष
सेकंडहँडमध्ये कधीकधी इंजिनिअरिंग सँपल, म्हणजे कंपनीनं चाचणीसाठी काढलेले नग, खपवतात. सीपीयू-झेड हे प्रोसेसरची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून स्पेसिफिकेशनच्या ओळीत नावापुढे ईएस लिहिलंय का बघा. आणि पेस्ट परत एकदा लावून बघा, पुण्यात मे महिन्यात खोलीच ३८-४० ला जाते, हीटसिंक जरा तिरका बसला तरी लगेच स्पीड पडतो.

वेधशाळा_मागे
आशिषभाऊ, ईएसचं बघायला हरकत नाही पण पेस्टसाठी आत्ताच लॅपटॉप उघडू नका असं मी कळकळीनं सांगेन, दर वेळी उघडताना रिबन केबलचे ते नाजूक लॉक तुटायची भीती असते. आकडा काय सांगतोय ते आधी बघू. ह्या पिढीत बेस क्लॉक, म्हणजे मूळ ठोका, १०० मेगाहर्ट्झ असतो, त्याला मल्टिप्लायरनी गुणलं की स्पीड मिळतो, आणि सगळ्यात खालचा मल्टिप्लायर १२, म्हणजे १२ गुणिले १०० बरोबर १.२ गिगाहर्ट्झ. तुमचा प्रोसेसर अगदी तळाच्या पायरीवर खिळलाय. गरम झाल्यामुळे पडला असता तर वर गेला असता, १०० च्या आसपास तापला असता, मग खाली आला असता, आलेख करवतीसारखा दिसला असता. ह्याची मर्यादा १०५ डिग्री आहे आणि तुम्ही ५५ ला आहात. सपाट रेघ म्हणजे बाहेरून कोणीतरी दाबून धरलंय.

प्रोसेसरला प्रोचॉट नावाची एक पिन असते. तापला की तो स्वतः ती ओढतो, पण मदरबोर्डवरचा कंट्रोलर पण ती ओढू शकतो, आणि तसं झालं की प्रोसेसर मुकाट्यानं खाली येतो, त्याला कारण माहीत नसतं. आणि हळू का वाटतंय तेही सरळ आहे, तुमचा आय५ दोन्ही कोर मिळून २.९ नी पळायचा म्हणजे ५.८, आणि हा चार कोरवर १.२ नी म्हणजे ४.८ च.

आता मला सांगा, चार्जर कोणता आहे, किती वॅटचा, आणि बॅटरी नीट चार्ज होतीये का?

नारायणपेठी
सर, चार्जर पण त्याच दिवशी नवीन घेतला, जुन्याची वायर पिनेपाशी उघडी पडली होती. कंपॅटिबल म्हणून दिला, पिन बसते, लाइट लागतो. बॅटरीचं म्हणाल तर विचित्र आहे, प्लग लावलेला असूनही ६२ टक्क्यांवर अडकली होती. मागच्या गुरुवारी आमच्याकडे दुपारी लाइट गेली तेव्हा बॅटरीवर कन्व्हर्जन चालू राहिलं, ४१ वर आली आणि आता ४१ वरच आहे. आणि हो, लाइट गेल्या गेल्या फॅनचा आवाज वाढला होता, मला वाटलं खिडक्या-पंखे बंद म्हणून तापला असेल.

वेधशाळा_मागे
सापडलं बहुतेक! बॅटरीवर गेल्याबरोबर फॅन वाढला कारण प्रोसेसर सुटला. चार्जरची पिन नीट बघा, गोल पिनेच्या बरोब्बर मध्ये बारीक सुई आहे का? त्या सुईतून चार्जर मी इतक्या वॅटचा आहे असं लॅपटॉपला कळवतो. सुई वाकली, आतली बारीक तार तुटली किंवा स्वस्तातल्या चार्जरमध्ये ती चिपच नसली की लॅपटॉप म्हणतो अनोळखी चार्जर, मग बॅटरी चार्ज करणं बंद आणि प्रोसेसर तळाला. बायोसमध्ये एसी अडॅप्टरची ओळ असते, तिथे काय लिहून येतंय ते इथे टाका.

दुसरी परीक्षा थ्रॉटलस्टॉप ह्या सॉफ्टवेअरनी. त्यात बीडी प्रोचॉट अशी टिक असते, ती काढली की बाहेरून ओढलेली प्रोचॉट पिन प्रोसेसर मानत नाही, तसं करून दोन मिनिटं बघा. मल्टिप्लायर १२ वरून एकदम उडाला तर शंकाच नको.

डेक्कन_मीनल
एक विनंती, ती टिक तपासण्यापुरतीच काढा हं, कायमची काढून ठेवू नका. बरेच जण तेवढंच करतात आणि सुटलो म्हणतात. प्रोसेसरचं स्वतःचं तापमानाचं संरक्षण चालू राहतं हे खरं, पण बोर्डावरचा दुसरा भाग तापला तर तो ओरडून सांगणार आणि ऐकायला कोणी नाही अशी गत होते. शिवाय चार्जर खरंच कमी ताकदीचा असेल तर तासभराच्या कन्व्हर्जनमध्ये तोच वितळायला लागतो. मागचं लेबल वाचा, १९.५ व्होल्टला ३.३४ अँपिअर म्हणजे ६५ वॅट, ४.६२ म्हणजे ९० वॅट. चार कोर, स्क्रीन आणि वर बॅटरी चार्जिंग धरलं तर ९० चाच घ्या.

नारायणपेठी
ताई, सर, दोघांचेही खूप खूप आभार. बायोसमध्ये अननोन लिहून येत होतं. बीडी प्रोचॉटची टिक काढल्यावर मल्टिप्लायर लगेच २९ झाला, टिक परत लावली. मग ऑफिसमधल्या मित्राचा ९० वॅटचा ओरिजिनल चार्जर आणून लावला, बॅटरी लगेच चार्ज व्हायला लागली आणि टिक लावलेली असतानाही स्पीड वर. फक्त एक विचारायचं राहिलं, कन्व्हर्जन सुरू झालं की २.९ दिसतो आणि अर्ध्या मिनिटात २.६-२.७ वर येऊन थांबतो, टेंपरेचर ८४. लिहिलेला स्पीड तर ३.२ आहे ना?

वेधशाळा_मागे
३.२ हा एकाच कोरवर काम असतानाचा टर्बो, म्हणजे तात्पुरता वाढवलेला स्पीड. चारही कोर जुंपले की वरची मर्यादा २.९. ३५ वॅटच्या वर थोडा वेळच जायची मुभा असते, साधारण २८ सेकंद, मग तो स्वतःला ३५ वॅटमध्ये बसवतो. इंटेलनी खात्री दिलीये ती २.२ गिगाहर्ट्झच्या बेस स्पीडची, तुम्ही त्याच्या बरेच वर आहात. हा दोष नाही, ह्यासाठी काही करू नका. फक्त फॅनच्या बाजूला जाळीआड धुळीचा नमदा जमतो तो कधीतरी काढा. चार्जर घेताना लॅपटॉप दुकानात घेऊन जा आणि तिथेच बायोसमध्ये ९० वॅट दिसतंय का बघून मगच पैसे द्या.

पिंपळेसौदागर२१
मध्येच विचारतो, माझा लॅपटॉप दुसऱ्या कंपनीचा आहे, तो पण असाच तळाला अडकतो पण चार्जर ओरिजिनल आहे आणि बायोसमध्ये वॅट बरोबर दाखवतो. बॅटरी फुगली होती म्हणून काढून टाकलीये, त्याचा संबंध असेल का?

डेक्कन_मीनल
असू शकतो, दादा. काही लॅपटॉपमध्ये बॅटरी नसली की कंट्रोलर मुद्दाम प्रोसेसर खाली ठेवतो, कारण टर्बोला अचानक जास्त करंट लागला तर चार्जरच्या जोडीला बॅटरी लागते, ती नसेल तर मशीन एकदम बंद पडेल. फुगलेली काढलीत ते चांगलंच केलंत, ती परत लावू नका आणि कचऱ्याच्या डब्यातही टाकू नका, ई-कचऱ्यात द्या. कोणाची तरी त्याच मॉडेलची चालू बॅटरी लावून बघा, जुनी असली तरी चालेल.