मदत हवी आहे: संगमरवरी फरशीवर स्पायडर लिफ्ट

नमस्कार मंडळी, एका सभागृहाच्या 14 मीटर उंच छतावरचे दिवे बदलायचे आहेत. खाली जुना संगमरवर, त्याखाली तळघर. रबरी पट्ट्यांवरची स्पायडर लिफ्ट (कोळ्यासारखे पाय पसरून माणसाला उंचावर नेणारं यंत्र) चालताना वजन पसरवते, हे ठीक. पण काम करताना ती चार पायांवर उचलली जाते आणि बूम (माणसाची टोपली उचलणारा लांब हात) एका बाजूला फिरला की बराचसा भार एकाच पायावर येतो. खरी धास्ती त्याचीच! पायाखाली केवढे पॅड ठेवता? खाली प्लायवूडही घालता का? जागच्या जागी वळताना पट्टे फरशी घासतात, त्यावर उपाय काय? डाग न पाडणारे पट्टे खरंच डाग पाडत नाहीत का? यंत्र बॅटरीवरचंच घेणार, बंद जागेत डिझेलचा धूर नको. तळघराचा स्लॅब इंजिनिअरकडून तपासून घेणारच आहे. त्यांना यंत्राच्या वजनाखेरीज नेमके कोणते आकडे द्यावेत?