ग्राहकाच्या हातात दिलं तेवढीच प्रॉडक्ट सिस्टिम? काहीही!

नटबोल्ट: काल एका महाशयांनी ठणकावून लिहिलं, "डिलिव्हर होतं तेवढीच प्रॉडक्ट सिस्टिम, बाकी सगळं प्रोजेक्ट मॅनेजमेंट." डोकं फिरलं म्हणून वेगळा धागा काढतोय. ईआयए-६३२ या सिस्टिम इंजिनिअरिंगच्या स्टँडर्डमध्ये १९९९ सालीच एंड प्रॉडक्ट (ग्राहक वापरतो ते) आणि एनेबलिंग प्रॉडक्ट (ते बनवायला, चालवायला लागतं ते) एकाच सिस्टिममध्ये धरलेत, टेस्ट, ट्रेनिंग, सपोर्टपासून विल्हेवाटीपर्यंत सगळं. हबल दुर्बिणीचा आरसा घ्या ना, घासला अगदी काटेकोर पण चुकीच्या आकारात, कारण ज्या नल करेक्टरने, म्हणजे आरशाचा आकार तपासायच्या उपकरणाने, मोजत होते त्यातलंच एक भिंग १.३ मिमी चुकीच्या जागी बसलेलं. तो करेक्टर अवकाशात जाणार नव्हता, पण वाट त्यानेच लावली.

सीमारेषा: महाशय म्हणजे मीच, नाव घेऊन बोला की. आयएसओ १५२८८ स्टँडर्डमध्ये सिस्टिम ऑफ इंटरेस्ट, म्हणजे आपण बनवतो ती, वेगळी, तिला मदत करणारी एनेबलिंग सिस्टिम वेगळी, मधला इंटरफेस नीट लिहायचा, विषय संपला. सगळंच आत ओढलं तर कॅन्टीनसुद्धा सिस्टिममध्ये येईल. आणि हबलचं अर्धंच सांगू नका. दुसऱ्या साध्या उपकरणाने चूक दाखवली होती, ते रीडिंग लोकांनी झटकून टाकलं. व्याख्या बदलून ते थांबलं असतं?

जिगवाला: व्याख्या गेली खड्ड्यात, जिगचं बोला. आमच्या टेस्ट जिगमधला (सर्किट बोर्ड लावून तपासायचं उपकरण) लोड रेझिस्टर कुणीतरी परस्पर बदलला, व्हॅल्यू वेगळी, नोंद कुठेच नाही, कारण जिगला पार्ट नंबरच नव्हता, "ते डिलिव्हरेबल नाही ना". चांगले बोर्ड धडाधड फेल, डिझाइनवाल्यांनी सर्किट उलटंपालटं केलं, जिग उघडून बघायचं कुणाला सुचलंच नाही.

चौकोनबाण: सिस्टिमच्या आकृत्या काढतो त्या टूलमधल्या मॉडेलमध्ये जिगचा ब्लॉक असता तर लगेच सापडलं असतं. एक्सेलवर कामं करा अजून.

जिगवाला: तुमच्या मॉडेलमध्ये रेझिस्टर कोण अपडेट करणार होतं, तुम्ही? लायसन्स दोघांकडे, बाकी टीम पीडीएफ बघते. लाइनवर कधी उभे राहिलायत का?

चौकोनबाण: वैयक्तिक होऊ नका. टूल वापरलं नाही हा टूलचा दोष?

जिगवाला: वापरता येत नसेल तर हो, टूलचाच!

नटबोल्ट: अरे टूलचं भांडण दुसरीकडे न्या! सीमारेषा, नासाच्या मंगळाकडे गेलेल्या मार्स क्लायमेट ऑर्बिटर यानाचं बोला. जमिनीवरचं सॉफ्टवेअर आकडे पाउंड-सेकंदात देत होतं, नेव्हिगेशनवाले न्यूटन-सेकंद समजून चालले होते. यान गेलं. आता जमिनीवरचं सॉफ्टवेअर "बाकी सगळं" का?

सीमारेषा: घ्या, माझाच मुद्दा! एकक न्यूटन-सेकंद हवं हे इंटरफेस स्पेकमध्ये लिहिलेलं होतं, पाळलं नाही. सीमा बरोबरच आखलेली होती.

नटबोल्ट: सीमेपलीकडचं ते दुसऱ्याचं, म्हणूनच नीट तपासलं जात नाही.

सीमारेषा: बरं बाबा, जिग घ्या आत, पार्ट नंबर द्या, हार घाला. ट्रेनिंग मात्र घेणार नाही.

नटबोल्ट: बोइंग ७३७ मॅक्स विमानाच्या पायलटांना एमकॅसबद्दल, म्हणजे विमानाचं नाक आपोआप खाली ढकलणाऱ्या यंत्रणेबद्दल, ट्रेनिंगमध्ये सांगितलंच नव्हतं. दोन अपघात, ३४६ माणसं.

सीमारेषा: तिथे एकाच सेन्सरवर विसंबणं हा मूळ घोळ, ट्रेनिंग नंतर. ठीक आहे, सेफ्टीशी संबंध असेल तेवढं ट्रेनिंग आत. कॅन्टीन बाहेरच.

जिगवाला: ते सगळं ठीक, पण जिगच्या कॅलिब्रेशनचे पैसे कुणाच्या बजेटमधून?